महूची बातमी इंदूरमार्गे

सकाळी 6. मध्य प्रदेशातल्या महूच्या मेन स्ट्रीटवरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं लोकल केबल चॅनल. कुलूप मीच उघडतो. उद्या 14 एप्रिल, बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. महाराष्ट्रातल्या नंबरप्लेटच्या गाड्या पहाटेपासूनच जन्मभूमी स्मारकाकडे वळताना दिसताहेत. एवढा मोठा दिवस तोंडावर आलाय आणि आम्ही माणसं तीन: मी, एक कॅमेरामन आणि संध्याकाळपुरती येणारी निवेदिका. दुसऱ्या कॅमेरामनला आणि एडिटरला दिवाळीनंतर थांबवलं. दोघंही कामाला चोख होते. आता एक पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट करतो, दुसरा मिळतील तशी लग्नं शूट करतो.

7.30. खालची पट्टी भरायची. कुठल्या मोहल्ल्यात पाणी किती वाजता, कॅन्टोन्मेंट बोर्डाची सूचना, जयंतीनिमित्त कुठले रस्ते बंद, कुणाची गाय हरवली. मग शोकसूचना. आज एका निवृत्त शिक्षिकेची आहे. मुलानं व्हॉट्सॲपवर लग्नातला ग्रुप फोटो पाठवलाय. त्यातून बाईंचा चेहरा कापून घेताना खांद्यावर कुणाची तरी बोटं राहतात, ती पुसत बसतो. तेवढ्यात त्याचा फोन. "दादा, आईचं माहेरचं आडनावही घाला. शाळेत सगळे तिला त्याच नावानं ओळखायचे." घातलं. ही पट्टी भोपाळहून किंवा नोएडाहून कुणी भरली असती, तर हा फोन त्यानं कुणाला केला असता?

9.30. केबल ऑपरेटरकडेही माणूस उरलेला नाही, म्हणून हल्ली त्याच्या वसुलीला मी सोबत जातो. किशनगंजकडच्या एका घरी काकूंनी सेट टॉप बॉक्स पिशवीत घालून तयारच ठेवला होता.

"घेऊन जा रे बाबा. मुलानं पुण्याहून वायफायचे पैसे भरलेत. मालिका मोबाइलवर दिसते."

"काकू, मग आपल्या गावच्या बातम्या?"

"त्या मोबाइलवर येत नाहीत का?"

येतात. रोजचं बुलेटिन आम्ही यूट्यूबवर टाकतो. पण तिथून महिन्याला जे मिळतं त्यात कॅमेरामनचा पेट्रोलखर्चही निघत नाही. काकूंना हे सांगितलं नाही. त्यांची काटकसर चुकीची नाही.

देशभर हेच चाललंय. केबल कंपन्यांच्या महासंघानं ईवाय या सल्लागार संस्थेसोबत 2025 मध्ये काढलेल्या अहवालानुसार पैसे भरून टीव्ही पाहणारी घरं 2018 मध्ये 15.1 कोटी होती, 2024 मध्ये 11.1 कोटी उरली. पाहणीतल्या 28 हजारांवर स्थानिक केबलवाल्यांकडच्या नोकऱ्या 31 टक्क्यांनी घटल्या. टीव्हीतल्या कपातीची बातमी होते ती मुंबईतल्या काचेच्या इमारतींची. खांबावर चढणाऱ्या पोरांची होत नाही.

दुपारी 12. इंदूरहून, ज्यांच्या नेटवर्कवर आम्ही दिसतो त्यांचा फोन. महू, पीथमपूर आणि देपालपूर या तिन्ही लोकल चॅनलांचं मिळून एकच करायचा विचार पक्का होत आलाय.

हे त्यांच्या हातात का, ते सांगायला हवं. ॲनालॉगच्या काळात याच खोलीत मॉड्युलेटर होता. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर कॅसेट लावली की महूत दिसायची. मग डिजिटायझेशन आलं. इंदूर शहरासाठी मुदत होती 31 मार्च 2013, आमच्यासारख्या गावांची पाळी नंतर आली. तेव्हापासून सगळे चॅनल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवर, म्हणजे मुख्य केंद्रावर, एन्क्रिप्ट होऊन येतात, मधे कुणाला काही घुसवता येत नाही. म्हणून आम्ही बुलेटिन इंटरनेटवरून इंदूरला पाठवतो आणि तिथून ते महूच्या घरात उतरतं. नोव्हेंबर 2022 च्या केंद्राच्या नियमांनी केबल कंपन्यांच्या अशा स्वतःच्या चॅनलांना एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली. नियम अन्यायाचा नाही, पण जागा मोजकी झाली की पहिली गदा लहान गावावर येते.

वरच्यांचे विलीनीकरणाचे बेत जुळतात, मोडतात. झी आणि सोनीचं दोन वर्षं चाललेलं जानेवारी 2024 मध्ये फिसकटलं. रिलायन्स आणि डिस्नेचं त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पुरं झालं. एअरटेल आणि टाटा प्ले यांची डीटीएचची बोलणी मे 2025 मध्ये थांबली. एवढ्या मोठ्यांनाही एकट्यानं परवडत नाही, तर आम्हाला का परवडावं, असं इंदूरचे साहेब म्हणतात. हिशेब त्यांचा बरोबर आहे. माझा प्रश्न वेगळा होता: अर्ध्या तासाच्या एकत्र बुलेटिनात महूला किती मिनिटं? उत्तर आलं, "बघू."

3.30. स्मारकावर शूटिंग. मंडप, पाण्याचे टँकर, जेवणाच्या पंगती. अकोल्याकडून आलेल्या एका आजींनी कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला. मग स्वतःच परत येऊन म्हणाल्या, "माझ्या धाकटीला दिसंल का?" केबलवर महूबाहेर दिसणार नाही, असं सांगून यूट्यूबचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. मुक्यांना आवाज मिळावा म्हणून ज्यांनी 1920 मध्ये 'मूकनायक' काढलं, त्यांच्या जन्मगावाला स्वतःचं चॅनल जड व्हावं, हे मला सोसत नाही.

6. एडिटिंग. मीच.

8. बुलेटिन. लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब आमचे नेमाचे प्रेक्षक. दोन मिनिटांत फोन: "ओठ पुढे चाललेत, आवाज मागे." तपासलं, खरंच होतं. दहाच्या पुनःप्रक्षेपणात दुरुस्त केलं.

10.30. उद्याची आखणी. मिरवणुकीला कॅमेरा एक, स्मारकावर तो असणार नाही. थांबवलेल्या कॅमेरामनला फोन केला. तो शिफ्ट बदलून येतो म्हणाला आणि पैशांचं विचारलंही नाही. पैसे मी देणार आहे.

तुमच्या गावात असं चॅनल अजून चालू असेल, तर बॉक्स परत करण्याआधी एकदा त्यांच्याशी बोला. दुकान असेल तर एक जाहिरात द्या. गल्लीत काही घडलं तर आधी त्यांना कळवा.