दुपारची सावली कुठे पडते?



सूर्य पूर्वेला उगवतो आणि दुपारी डोक्यावर येतो, असे आपण सर्रास म्हणतो. तेच धरून चाललो आणि एका घराचे नुकसान करून बसलो.

१९९८ चा मे महिना. पुणे जिल्ह्यातल्या एका गावी भर दुपारी दक्षिण बांधावर उभा होतो. सावली पायाखाली. “पिकावर सावली यायची नाही, खुशाल सुबाभूळ लावा,” असे छातीठोक सांगितले. झाडे तीस फूट वाढली. पुढे एकदा पौषात गेलो, तर बांधालगतचा हरभरा खुरटलेला. घरच्या बाई म्हणाल्या, “साहेब, इथलं दव लवकर सुटतच नाही.” मुळांनीही ओल ओढली असेल, पण मुख्य दोष सावलीचा, म्हणजे माझाच.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे. म्हणून सूर्याची वाट वर्षभर सरकते. नेमका पूर्वेला तो मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखांच्या सुमारासच उगवतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो आग्नेयेकडे उगवतो आणि पुण्याकडे दुपारीही दक्षिण क्षितिजापासून ४८ अंशच वर चढतो. तेव्हा दहा फुटी काठीची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. तीस फुटी झाडाची सत्तावीस! सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. (उत्तरायण याच दिवसापासून लागते, संक्रांतीपासून नव्हे.)

मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. मी पाहणी केली ती नेमकी या फसव्या दिवसांत.

अंगणात एक सरळ काठी ओळंब्यात रोवा. डिसेंबरात दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली हीच खरी दक्षिणोत्तर रेघ. पुण्याकडे ती साधारण साडेबाराला मिळते, बाराला नव्हे. गोठा बांधतानाही ही रेघ कामी येते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, की उन्हाळ्यात तिरपे ऊन अरुंद बाजूंनीच आत शिरते आणि थंडीत दक्षिणेचे कोवळे ऊन जनावरांना मिळते.

त्या घराने दक्षिणेची सुबाभूळ दर कार्तिकात कंबरेइतकी छाटायला घेतली. पाला शेळ्यांना झाला. नवी रांग उत्तर बांधावर लावली. पलीकडे ओढा होता, म्हणून बरे. शेजाऱ्याचे रान असते, तर आधी त्याला विचारावे लागले असते.