न्यायमूर्ती रानडे आणि शेतकऱ्यांची खतपत्रे : शिरूर व भीमथडीच्या संदर्भात एक अभ्यास

प्रास्ताविक

महादेव गोविंद रानडे यांचे नाव महाराष्ट्रात ‘न्यायमूर्ती’ या उपाधीवाचून सहसा घेतले जात नाही; परंतु त्यांच्याविषयी आजवर झालेल्या लेखनात समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि इतिहासकार रानडे जितके भेटतात तितके न्यायाधीश रानडे भेटत नाहीत. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद यांतील त्यांच्या कार्याची चर्चा विपुल आहे. ज्या न्यायखात्यात त्यांनी १८७१ पासून १९०१ मधील मृत्यूपर्यंत सुमारे तीस वर्षे सेवा केली, त्या सेवेचे स्वरूप मात्र चरित्रग्रंथांत बदल्या व बढत्यांच्या नोंदींपुरतेच उरते. वास्तविक पाहता पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, म्हणजे आजच्या शिरूर व दौंड परिसरातील शेतकऱ्याशी रानडे यांचा जो संबंध आला तो प्रामुख्याने न्यायाधीश या नात्यानेच आला. हा संबंध सरकारी अहवाल, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील निनावी लेख आणि पत्नी रमाबाई यांनी जतन केलेले कौटुंबिक लेखन अशा तीन ठिकाणच्या कागदांत विखुरलेला आहे. हे कागद एकत्र ठेवून वाचले असता काय दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यायखात्यातील वाटचाल

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण व प्रारंभीचे शिक्षण कोल्हापूर येथे आणि पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होत. अक्कलकोट व कोल्हापूर या संस्थानांत काही काळ काम आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १८७१ मध्ये ते पुणे येथे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. १८७८ मध्ये नाशिक व १८७९ मध्ये धुळे येथे त्यांची बदली झाली. त्यानंतर सातारा व पुणे जिल्ह्यांतील न्यायालयांच्या तपासणीचे काम साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून त्यांच्याकडे आले, १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर त्यांची नियुक्ती झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

यातील ‘विशेष न्यायाधीश’ हे पद चरित्रकारांनी एका ओळीत उरकले आहे. ते पद निर्माण का झाले, हे समजण्यासाठी शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी जावे लागते.

कर्डे आणि सुपे

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानातील कापसाला अपूर्व भाव आला. भावाबरोबर शेतकऱ्याची पत वाढली व त्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र राहिले. त्यातच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. शेतकऱ्याच्या हितासाठी केलेली ही तरतूद त्याच्याच मुळावर आली. मुदत संपण्यापूर्वी सावकार मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे खत लिहून घेई आणि ही एकत्र रक्कम नव्या खतात मुद्दल म्हणून दाखविली जाई. चार-दोन वेळा खत बदलले की मूळ कर्ज किती होते हे ऋणकोलाही सांगता येत नसे. दिवाणी न्यायालय खतावरील अंगठा अथवा निशाणी पाही, खतामागील हिशेब पाहत नसे. प्रतिवादी गैरहजर राहिल्याने एकतर्फी हुकूमनामे होत. समन्स घेऊनही शेतकरी न्यायालयात का जात नसे, याचे उत्तर अवघड नाही : खतावर त्याची निशाणी होती, आणि त्यापुढे त्याचे म्हणणे ऐकण्याची तरतूदच नव्हती.

कर्डे येथे १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने गावातील देशमुखांविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडण्यास प्रारंभ केला. देशमुख हे प्रतिष्ठित घराणे असल्याने गावाने हा अपमान आपला मानला. सावकारांच्या दुकानातून माल घेणे, त्यांची शेते कसणे, पाणी भरणे, हजामत करणे ही सर्व कामे बंद पडली. या बहिष्काराचे लोण आसपासच्या गावांत पसरले. तेथवर चळवळ शांततेची होती. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी तिने वेगळे वळण घेतले. दुकाने व घरे लुटली गेली. (त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा मोठा भाग मोडत असे, सुपे आज बारामती तालुक्यात आहे.) पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत असेच प्रकार झाले.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य सर्वच अभ्यासकांनी नोंदविले आहे. जमावाला सावकाराचा जीव नको होता, कागद हवे होते. खते व हुकूमनामे स्वाधीन केली तेथे बहुधा मारहाण झाली नाही; नकार मिळाला तेथे घरात घुसून दप्तर जाळण्यात आले. निरक्षर शेतकऱ्याला लेखी कागदाची सत्ता किती नेमकी उमगली होती, हे यावरून दिसते.

कायदा आणि तपासणी

सरकारने नेमलेल्या दंगा चौकशी आयोगाने सावकारी व दिवाणी न्यायपद्धती यांवर प्रामुख्याने बोट ठेवले. साऱ्याचा प्रश्न मुख्य कारण म्हणून स्वीकारला नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे मत याविरुद्ध होते, आणि या मताच्या घडणीत रानडे यांचा वाटा मोठा होता. अखेरीस सर थिओडोर होप यांनी मांडलेले विधेयक संमत होऊन १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजेच दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला.

या कायद्याने न्यायाधीशाचे कामच पालटले. शेतकरी ऋणकोविरुद्धच्या दाव्यात खत पुराव्याने शाबीत झाले तरी तेवढ्यावर निकाल देता येईना. व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासणे, मुद्दल व व्याज वेगळे काढणे, चक्रवाढ नाकारणे ही न्यायालयाचीच जबाबदारी ठरली. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घेणे आवश्यक झाले. कर्जासाठी कैद रद्द झाली. विशेष रीतीने गहाण नसलेली जमीन कर्जापायी विकता येईनाशी झाली. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गाव-नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जाणे बंधनकारक झाले, तसेच पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. ज्या कागदांसाठी सुपे येथे आगी लागल्या, त्या कागदांवर कायद्याने नजर ठेवली, असे म्हणता येईल.

लहान दाव्यांतील अपिले बंद करण्यात आली होती. त्याऐवजी दुय्यम न्यायाधीशांच्या कामाची तपासणी व दुरुस्ती विशेष न्यायाधीशाने करावयाची होती. प्रथम डॉ. पोलन यांच्या हाताखाली व पुढे स्वतंत्रपणे रानडे यांनी हेच काम केले. हे काम फिरतीचे होते. गावोगावच्या न्यायालयांत जाऊन निकाल काढून पाहणे, हिशेब नीट झाला की नाही हे तपासणे आणि वार्षिक अहवाल लिहिणे, असा हा क्रम होता. असल्या कामातून कीर्ती लाभत नाही. म्हणूनच बहुधा चरित्रकारांचे तिकडे लक्ष गेले नाही.

येथे एक पेच लक्षात घ्यावा लागतो. ज्या कायद्याची अंमलबजावणी रानडे करीत होते, त्याच्या मर्यादांविषयी ते सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहितही होते. सरकारी नोकर असल्याने लेखांवर त्यांची सही नसे. जमिनीच्या विक्रीवर सरसकट बंदी घालणे हा त्यांच्या मते उपाय नव्हता. स्वस्त भांडवल व सौम्य, स्थिर सारा यांवाचून केवळ न्यायालयीन संरक्षण अपुरे पडेल, अशी त्यांची धारणा होती. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुढे आणलेल्या कृषी बँकेच्या योजनेला त्यांचा पाठिंबा होता. ही योजना पुरंदर तालुक्यात प्रायोगिक तत्त्वावर राबवावयाची होती. लंडनहून मंजुरी न मिळाल्याने ती बारगळली. अहवालातील रानडे आकडे व निकाल यांविषयी बोलतात, त्रैमासिकातील रानडे धोरणाविषयी. दोन्ही लेखन एकाच हातचे आहे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय कोणत्याही एकाचा अर्थ पुरता लागत नाही.

घरातील कागद

तिसरा संच कौटुंबिक आहे. रमाबाई रानडे (१८६२-१९२४) यांनी १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९१५ मध्ये पतीचे विखुरलेले इंग्रजी लेख व भाषणे एका ग्रंथात संकलित केली. आठवणींचे पुस्तक स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून अभ्यासले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. न्यायखात्याच्या इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

रानडे यांची दृष्टी अधू होती. त्यामुळे वाचन व लेखन यांसाठी त्यांना दुसऱ्याचे साहाय्य घ्यावे लागे. विवाहसमयी निरक्षर असलेल्या रमाबाई त्यांच्याच आग्रहाने शिकल्या व पुढे त्यांना वाचून दाखवू लागल्या. फिरतीच्या नोकरीत त्या त्यांच्याबरोबर असत. न्यायाधीशाची कचेरी मुक्कामावर कशी चाले, दिवस कसा आखलेला असे, याचे जे चित्र या आठवणींत मिळते ते कोणत्याही सरकारी अहवालात मिळणे शक्य नाही.

धुळे येथील प्रसंग तर कागदांच्या दृष्टीने बोलका आहे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकारचा पुण्यातील सुशिक्षितांवर संशय होता. धुळ्यास रानडे यांच्या टपालावर पाळत होती. बंडवाल्यांच्या नावाने आलेली संशयास्पद पत्रे ते स्वतःच पोलिसांकडे पाठवीत. इतरांचे कागद तपासणाऱ्या न्यायाधीशाचे कागद सरकार तपासत होते, ही गोष्ट आपल्याला घरच्या आठवणींतून कळते.

अर्थात या साधनाला मर्यादा आहेत. हे लेखन भक्तिभावाने केलेले आहे. त्यात पतीच्या निर्णयांची चिकित्सा नाही, कायद्यातील वाद जवळजवळ नाहीत. कर्डे अथवा सुपे येथील ऋणकोचा आवाज तर तिन्ही संचांत थेट ऐकू येत नाही; तो जबानीच्या सारांशातून, म्हणजे दुसऱ्याच्या लेखणीतूनच येतो. हे कागद एकमेकांची उणीव भरून काढतात ती येथवरच.

स्थानिक साधनांचे वाचन

पेशव्यांच्या रोजनिशींवर जून १९०० मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे वाचलेल्या निबंधात रानडे यांनी लढाया व राजकारणापेक्षा महसूल, न्याय, कर्ज, वेठ यांविषयीच्या नोंदींना महत्त्व दिले. सामान्य माणसाचा इतिहास कारभाराच्या कागदात सापडतो, ही त्यांची दृष्टी होती. न्यायालयातील खतांचे हिशेब वर्षानुवर्षे उलगडल्याचा या दृष्टीशी काही संबंध असावा, असे मानण्यास जागा आहे.

हीच दृष्टी त्यांच्या कार्यक्षेत्राला लावता येईल. मुंबई येथील राज्य पुराभिलेखागारात महसूल व न्याय खात्यांची दप्तरे आहेत. त्यांच्या जोडीला शिरूर व दौंड परिसरातील जुन्या घरांतून मिळणारी गहाणखते, खरेदीखते व पावत्या ही साधने आहेत. त्यांतील बरेच कागद मोडी लिपीत असल्याने घरच्यांनाही वाचता येत नाहीत आणि वाटण्या होताना अथवा घर पाडताना ते टाकून दिले जातात. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व मराठी विभागांना हे काम एकत्रितपणे हाती घेता येण्यासारखे आहे.

असा एखादा दस्त हाती आला तर प्रथम त्याची तारीख पाहावी. १ नोव्हेंबर १८७९ नंतरचा असेल तर गाव-नोंदणी अधिकाऱ्याची साक्ष आहे का, हे पाहावे. त्यानंतरच्या काळातील खरेदीखते विशेष लक्षपूर्वक वाचावीत. गहाणाचे दावे न्यायालय मुळापासून उकलू लागल्यावर सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याचा मार्ग पत्करला. रक्कम फेडल्यास जमीन परत करण्याची बोली तोंडी राही. पुढे अशा खरेदीखतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकारही दुरुस्तीने न्यायालयास देण्यात आला. म्हणून किंमत जमिनीच्या मानाने फार कमी आहे का, विकणाराच पुढे ती जमीन खंडाने कसत राहिला का, आणि काही वर्षांनी तीच जमीन त्याच घराण्याच्या नावे पुन्हा आली का, हे सातबारा व फेरफार नोंदींशी ताडून पाहावे लागते.