मज्जारोपणानंतरचे व्याधिक्षमत्व आणि आपले कर्तव्य

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. पुढे २०१८ साली बृहन्मुंबई महानगरपालिकेने बोरिवली पूर्व येथे थॅलॅसेमिया व बालरक्तविकारांसाठी प्रत्यारोपण केंद्र सुरू केले आणि ही चिकित्सा उपनगरांच्या दारात आली. साहजिकच अंधेरीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या चिकित्सालयांत व औषधालयांत अशा बालकाचे पालक येऊन ‘ताकदीसाठी काहीतरी द्या’ अशी मागणी करू शकतात. त्या वेळी काय द्यावे, यापेक्षा काय देऊ नये हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे आहे.

बल क्रमाने परतते

प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधांनी रुग्णाची मज्जा रिकामी केली जाते व नंतर दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे दिल्या जातात. साधारण दोन ते चार आठवड्यांत न्यूट्रोफिल पेशी दिसू लागतात. पालकांना वाटते, मूल बरे झाले. परंतु बी-पेशींना सावरण्यास सहा महिने ते वर्ष आणि टी-पेशींना एक ते दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पूर्वीच्या लसींनी मिळालेले संरक्षणही क्षीण होते; म्हणून लसीकरण पुन्हा करावे लागते. गोवरासारख्या जिवंत लसी तर सामान्यतः दोन वर्षांपूर्वी देत नाहीत. सारांश, रक्ताचे आकडे सुधारले तरी व्याधिक्षमत्व पूर्ववत झाले असे समजू नये.

‘वाढविणे’ घातक का?

दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचा, आतडी व यकृत यांना परके मानून त्यांच्यावर आघात करू शकतात. तो टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देऊन प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर दाबून ठेवलेली असते. अशा वेळी तिला उत्तेजन देण्याचा हेतू मूळ चिकित्सेच्याच विरुद्ध जातो.

या औषधांची रक्तातील मात्रा काटेकोर राखावी लागते. ती वाढल्यास वृक्कास इजा होते, घटल्यास वरील आघाताचा धोका वाढतो. त्यांचे विघटन यकृतातील ज्या विकराने होते, त्यास पिप्पली व मरिच यांतील पिपेरीन रोखते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. सितोपलादी चूर्णात पिप्पली आहे, च्यवनप्राशातही आहे. पपनसासारखे फळही अशा रुग्णास वर्ज्य समजावे.

गुळवेलीविषयीही सावध राहावे. तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या मुंबईतील सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतीची ओळख नीट पटविली नसल्याचा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो वाद बाजूस ठेवला तरी, ज्याचे यकृत आधीच तीव्र औषधांचा भार वाहत आहे, त्या बालकावर प्रयोग करण्याचे कारण नाही.

न शिजविलेल्या चूर्णांत बुरशीचे बीजाणू असू शकतात. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत उघड्या बरणीतील चूर्ण निरोग्यास बाधत नसेल, पण या रुग्णास ते प्राणघातक ठरू शकते.

मग आपण काय करावे?

शोधनानंतर आपण लगेच गुरू आहार देत नाही. पेया, विलेपी, यूष असा संसर्जनक्रम पाळतो. अग्नी जसा क्रमाने प्रदीप्त होतो, तसेच येथे बलही क्रमाने येते. हे पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हीच मोठी सेवा आहे. केंद्राच्या आहारतज्ज्ञाची संमती असल्यास ताजी, गरम पेज किंवा मुगाचे यूष सुचवावे. शिळे, कच्चे व उघड्यावरचे टाळण्यास सांगावे.

औषधालयाच्या मालकांना आमची विनंती आहे की, बालकासाठी रसायन मागणाऱ्यास ‘प्रत्यारोपण झाले आहे का? कोणती औषधे चालू आहेत?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तर होकारार्थी असल्यास प्रत्यारोपण केंद्राच्या लेखी संमतीविना काहीही देऊ नये. आधीच काही चालू असल्यास ते लपवू नये, केंद्रास कळवावे, असे पालकांना बजावावे. ताप आल्यास घरगुती काढ्यात वेळ न दवडता त्याच दिवशी, रात्र असली तरी, केंद्राकडे पाठवावे.

एक डबा विकला न गेल्याने आपले फारसे नुकसान होत नाही. परंतु विकला गेलेला डबा त्या बालकास फार महाग पडू शकतो.