जेलकोट दुरुस्ती

जेलकोट हा फायबरग्लासच्या नौकेवरील रंगीत पॉलिएस्टर रेझिनचा बाह्य थर असून त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते. जुन्या नौकांवर त्याला तडे जातात किंवा पाणी झिरपून फोड येतात. फुटलेल्या फोडातील द्रवाला बहुधा व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. अशी नौका कित्येक आठवडे सुकवावी लागते. घाई केल्यास फोड पुन्हा उठतात.

तडा रुंद कोरून, ॲसिटोनने पुसून त्यात उत्प्रेरक मिसळलेला जेलकोट भरतात. उघड्या हवेत त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून त्यात मेण मिसळतात किंवा वर प्लॅस्टिक चिकटवतात. नंतर पॉलिश पेपरने घासून चकाकी आणतात. उन्हाने फिकटलेल्या रंगाशी नवा रंग जुळवणे सर्वांत कठीण.

ताऱ्याच्या आकाराचे तडे मात्र बहुधा आघाताने किंवा खालचा थर वाकल्याने पडतात. तो थर बळकट न करता केलेली वरवरची भर टिकत नाही.