इंग्रजी तास आणि गप्प बसलेला वर्ग

तालुक्याच्या शाळेत दहावीपर्यंत सर्वांत आधी हात वर करणारी मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला मागच्या बाकावर जाऊन बसते. तिला प्रकाशाचे अपवर्तन ठाऊक असते, त्वरणाचे सूत्र येत असते. अकरावी-बारावीला पुस्तके इंग्रजी झाली, तरी समजावून सांगणारे सर मध्येच मराठीत येत. आता तोही आधार सुटतो. ती वर्गात बोलत नाही, हळूहळू तासही चुकवू लागते. प्राध्यापक म्हणतात, ‘हल्लीच्या मुलांना विषयात रसच नाही.’ हे निदान बरोबर आहे का?

परकीय भाषेतले व्याख्यान ऐकणाऱ्याला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. कानावर पडलेला शब्द ओळखायचा, त्यामागची कल्पना समजून घ्यायची आणि वहीत उतरवून घ्यायचे. आपली तात्कालिक स्मृती मात्र तोकडी असते. एका वेळी साधारण सातच गोष्टी तिच्यात मावतात, असे जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले. पुढच्या संशोधकांनी तर हा आकडा आणखी खाली आणला. ही जागा शब्द ओळखण्यातच भरून गेली, तर विचाराला उरते काय? एका शब्दावर मन अडते, तोवर प्राध्यापक दोन वाक्ये पुढे गेलेले असतात.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. स्वीडनमध्ये सर्वसाधारण विद्यार्थ्याचे इंग्रजी उत्तम असते. तिथे जॉन एअरी आणि सेड्रिक लिंडर यांनी भौतिकशास्त्राच्या २२ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे विद्यार्थी स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकत होते. भाषेने फारसा फरक पडत नाही, असेच त्यांनी आधी सांगितले. मग त्यांना त्यांच्याच तासांचे चित्रीकरण दाखवले, तेव्हा चित्र पालटले. इंग्रजी तासाला ते कमी प्रश्न विचारत होते, उत्तरेही कमी देत होते. आणि लिहून घेण्याच्या नादात समजून घेणे मागे पडत होते. जिथे भाषा चांगली येते तिथे ही स्थिती, तर आपल्या मागच्या बाकाचे काय?

आता उत्साहाकडे वळू. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मते शिकण्याची ओढ तीन गरजांवर टिकते. आपल्याला हे जमते असे वाटणे, आपण हे स्वेच्छेने करतो आहोत असे वाटणे आणि आजूबाजूची माणसे आपली वाटणे. इंग्रजी तासाला तिन्हींना धक्का बसतो. कालपर्यंत हुशार असलेली मुलगी स्वतःला ‘ढ’ समजू लागते. माध्यम तिने निवडलेले नसते. आणि चुकीच्या इंग्रजीला कुणी हसेल, या भीतीने ती चारचौघांत मिसळत नाही. प्रश्न विचारणे म्हणजे शंका उघड करणे तर असतेच; तिच्या बाबतीत ते व्याकरणही उघड करणे ठरते. त्यापेक्षा गप्प राहिलेले बरे! मग गाइड आणि पाठांतर एवढेच हाती उरते.

गंमत अशी की, या मुलांना इंग्रजी नको असते असे मुळीच नाही. नोकरीसाठी ते हवे, हे त्यांच्या घरच्यांनाही पटलेले असते. पण इंग्रजीची ओढ वेगळी आणि इंग्रजीतून रसायनशास्त्र समजणे वेगळे. रोजच्या बोलण्याची भाषा तुलनेने लवकर येते, अभ्यासाची भाषा यायला कितीतरी अधिक वर्षे लागतात. हा भेद कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिला. म्हणून तीन महिन्यांच्या संभाषणवर्गाने हा प्रश्न सुटत नाही.

वाद आपल्याकडे जुनाच आहे. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते, तर जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांची बाजू मांडत होते. अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवले. तरी पुढील शिक्षण आणि नोकरी यांचा विचार करून बहुतेक मुले इंग्रजी वर्गातच बसणार. तेव्हा त्या वर्गात काय करता येईल, हे पाहिलेच पाहिजे.

उपाय खर्चिक नाहीत. उद्याच्या तासाची दोन पाने आज वाचायला सांगावीत. स्वीडनमधल्या काही विद्यार्थ्यांनी हीच वाट आपणहून शोधली होती. नवे दहा शब्द फळ्याच्या कडेला इंग्रजी-मराठी असे शेजारी लिहावेत, म्हणजे ‘रिफ्रॅक्शन’ हे आपले जुने अपवर्तनच आहे, हे क्षणात उमगते. तासाच्या मध्यावर पाच मिनिटे शेजाऱ्याशी कोणत्याही भाषेत चर्चा करू द्यावी आणि मग उत्तर इंग्रजीत लिहायला सांगावे. शंका चिठ्ठीवर मागवाव्यात. चिठ्ठीवर नाव नको. वर्गात मराठी न जाणणारी मुले असतील, तरी यातल्या कशानेही त्यांचे नुकसान होत नाही.

विद्यार्थ्यांनीही एक करावे. रात्री त्या दिवसाचा धडा मैत्रिणीला मराठीत समजावून सांगावा. सांगता आला, तर तो समजला. आता फक्त इंग्रजी शब्द बसवायचे राहिले. सांगताना अडला, तर अडचण विषयाची आहे, भाषेची नाही, हे तरी कळते. हा फरक कळणे फार मोलाचे आहे. कारण ‘मला इंग्रजी कमी येते’ याचा अर्थ ‘मला डोके कमी आहे’ असा मुले लावतात, आणि त्या एका गैरसमजापायी चांगली मुले विज्ञान सोडून जातात.