टपाल तिकिटांचे ऑनलाइन दुकान

टपाल तिकिटांच्या ऑनलाइन दुकानाची विक्री जाहिरातीपेक्षा वर्णनाच्या अचूकतेवर अधिक अवलंबून असते, कारण संग्राहकाला केवळ जुने तिकीट नको असते, तर 1852 च्या ‘सिंध डाक’सारख्या दुर्मीळ तिकिटाची नेमकी अवस्था पैसे मोजण्यापूर्वी जाणून घ्यायची असते. म्हणून दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, दंतुरता म्हणजे कडेच्या छिद्रांची दर दोन सेंटिमीटरमधील संख्या, जलचिन्ह म्हणजे कागदातच उमटवलेली फिकट खूण, मागील डिंकाची स्थिती आणि टपाल तिकिटांच्या स्टॅनली गिबन्स सूचीतील क्रमांक द्यावा. ग्राहक याच तपशिलांवरून शोध घेतात. त्यामुळे देश, वर्ष व विषय यांच्याबरोबरच या तपशिलांनुसारही फिल्टर असावेत. मौल्यवान तिकिटासोबत तज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणि परतीची स्पष्ट अट नसेल, तर मोठी सवलतही जाणकार ग्राहकाला खरेदीस प्रवृत्त करू शकत नाही.