सेवासंस्थेतील चाकरी

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत श्रमाचे माप पाळी सुटताच हाती येते. किती नग उतरले, किती बाद झाले, याचा हिशेब तेथल्या तेथे होतो. त्याच पट्ट्यात चिंचवड येथे पारधी आदी भटक्या-विमुक्त जमातींच्या मुलांकरिता पुनरुत्थान समरसता गुरुकुलम ही संस्था चालते. तिचे प्रवर्तक श्री. गिरीश प्रभुणे यांस २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. अशा शाळेत काम करणाऱ्याच्या श्रमाचे माप कोणते धरावे? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला व १९५२ साली तो कायद्याने पुसला, त्यांच्या पालावरील मूल शाळेत टिकणे, हेच मुळी वर्षानुवर्षांचे काम होय. मायबाप पोटामागे गाव सोडतात, मूल त्यांच्यामागे जाते, आणि शिक्षकास पुनश्च ओनाम्यापासून आरंभ करावा लागतो.

द्रव्य मात्र बहुधा वर्षाच्या मुदतीने येते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास लावणे भाग पडले. ही तरतूद उत्तमच. परंतु देणारा वर्षाअखेर विचारतो, रुपयातील किती आणे मुलापर्यंत पोहोचले? प्रश्न रास्त आहे. विपर्यास होतो तो शिक्षकाचे वेतन 'वरखर्च' म्हणून बाजूस काढले जाते तेव्हा. शिकविणारा वगळला तर शाळेत उरते काय? भिंती आणि बाके!

या गैरसमजाचे मूळ 'विनानफा' या शब्दात आहे. शिल्लक राहिल्यास ती कोणी वाटून घ्यावयाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. काम करणाऱ्याने बिनपगारी राबावे, असा नव्हे. नामदार गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा सभासदांकडून स्वतःकरिता द्रव्यार्जन न करण्याची शपथ घेतली खरी; पण समाज सभासदाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तजवीज करील तीत संतोष मानावा, असेही त्याच शपथेत होते. त्यागाची इतकी कडक अट घालणाऱ्यासही सेवकाच्या चुलीचा विसर पडला नव्हता.

आजच्या सेवकाने अशी शपथ घेतलेली नसते. संध्याकाळी मुले जेवली म्हणजे तो पावत्या लावीत बसतो, देणगीदाराचा तक्ता भरतो, धर्मादाय कार्यालयाकडे जावयाच्या हिशेबाची जुळणी करतो. शेजारच्या खोलीतला कामगार तेव्हा पाळी संपवून निजलेला असतो. घरभाडे दोघांचे सारखेच; सेवेखातर घरमालक त्यात सूट देत नाही.